वाफामायची विभूती

भातकुलीच्या अलीकडे, खुशालरावांच्या सरकीच्या तेलगिरणीसमोर, त्या मंगळवारी एवढी गर्दी लोटली होती की एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गाडीच बंद केली, आणि खाली उतरून तोही रांगेत उभा राहिला. भज्यांची कढई उकळत होती, पिपाण्या वाजत होत्या, डीजेवर भजन आणि भजनाच्या खाली कुठल्याशा लग्नातली चाल एकाच वेळी चालू होती. गिरणीच्या फाटकावरची पाटी फ्लेक्सने झाकली होती. फ्लेक्सवर झेंडूच्या हारांत एक भलामोठा काळा लोखंडी बॉयलर, त्याला डोळे काढलेले, आणि खाली अक्षरं: ‘श्री वाफामाय, जागृत देवस्थान’.

प्रियदर्शनी तायडे अमरावतीहून आली होती ती याच बॉयलरसाठी. ती सरकारी बॉयलर निरीक्षक होती. बॉयलरची नोंदणी बघायची, वर्षातून एकदा तो थंड करून, उघडून, आतून-बाहेरून तपासायचा आणि धड असेल तरच पुढच्या वर्षाचा दाखला द्यायचा, हे तिचं काम. खुशालरावांचा दाखला संपून गेला होता आणि ते काही केल्या तारीख देत नव्हते. म्हणून ती न कळवताच आली. आधी तिला वाटलं, लग्न आहे.

“मॅडम, नारळ घ्या,” एक बाई तिच्यापुढे टोपली घेऊन आली. “रिकाम्या हातानं माय भेटत नाई.”

“कोणती माय?”

“अवो, वाफामाय! लोखंडातून विभूती निंगते तिच्या. माह्या जेठाचा दमा गेला. आधी भल्ली शिट्ट्या मारे, रात्रंदिवस खवळेल राहे. मंग बाबानं तिले नारळ बांधले, अन् पाहा, कशी चूप बसली!”

प्रियदर्शनीने बॉयलरघराच्या छपराकडे पाहिलं. बॉयलर शिट्ट्या मारायचा आणि आता नारळ बांधल्यावर मारत नाही, या एका वाक्यात तिला जे ऐकू आलं ते त्या गर्दीत दुसऱ्या कुणालाही ऐकू आलं नव्हतं.

ओळखपत्र उंच धरून ती रांगेच्या कडेकडेने आत घुसली. बॉयलरघराच्या दारात खुशालराव स्वतः उभे होते, कपाळभर पांढरी भुकटी फासलेले. तिला पाहून ते एकदम गोड झाले.

“या या, मॅडम! चहा मांडा रे मॅडमले! अवो, आज कायले तपासणी? आज मायचा वार हाय.”

“खुशालराव, बॉयलर चालू कसा? दाखला कुठे आहे?”

“दाखला?” त्यांनी वर बोट केलं. “आता तिचाच दाखला. माणसाच्या सहीची गरज नाई राह्यली.”

आत घामाचा, उदबत्तीचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास कोंदला होता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांचा जाळ धडधडत होता आणि बॉयलरला लागून माणसं दाटीवाटीने बसली होती. सगळ्यांत पुढे, बॉयलरच्या विटांच्या भिंतीला पाठ आणि दोन्ही पाय टेकवून, खुशालरावांची म्हातारी आई मनकर्णाबाई बसली होती. मायची पहिली भक्तीण तीच. गेले दोन महिने ती सकाळी इथे येऊन बसायची, आणि तिचे आखडलेले गुडघे खरोखरच मोकळे झाले होते. गावाचा निम्मा विश्वास त्या गुडघ्यांवर उभा होता.

आणि मधोमध, भगवी शाल पांघरून, मोतीरामबाबा.

“बोलो वाफामाय की!”

“जय!”

“माय गरम हाय, पण नरम हाय! जे डॉक्टरले समजत नाई, जे मशीनच्या फोटोत दिसत नाई, थे मायच्या वाफेत हाय! सायन्सवाले म्हणतात, पाणी म्हंजे एच टू ओ. मी म्हणतो, बरोबर हाय! एच म्हंजे हरी, ओ म्हंजे ओम, अन् टू म्हंजे तुमी अन् मी!”

लोक हसले, टाळ्या पडल्या. बाबाने हात वर केला. सगळीकडे शांतता पसरली. बॉयलरच्या कपाळावर दाब दाखवणारं घड्याळ होतं, त्याचा काटा चांगलाच वर चढला होता.

“माय,” बाबा लाडाने म्हणाला, “लेकरं आली तुही. जराक नीज.”

त्याने उजवा पंजा घड्याळासमोर हळूहळू खाली आणला. काटा थरथरला आणि पंजाच्या मागोमाग खाली खाली येत शून्यावर टेकला. बायांनी पदराने डोळे पुसले. एसटीच्या ड्रायव्हरने लोटांगण घातलं.

सगळे उजव्या हाताकडे पाहत होते. प्रियदर्शनी डाव्या कोपराकडे पाहत होती. शालीखाली ते कोपर हळूच वळलं होतं, नेमकं तिथे, जिथे घड्याळाकडे जाणाऱ्या बारीक नळीवर एक चावी असते. ती फिरवली की घड्याळाचा बॉयलरशी संबंध तुटतो, नळीतली वाफ बाहेर सुटते आणि काटा पडतो. दाब मात्र आत जिथल्या तिथे असतो.

मग तिने वर पाहिलं. जुन्या पद्धतीचा बॉयलर होता. माथ्यावर एक लोखंडी दांडी, दांडीच्या टोकाला वजन, दांडीखाली झाकण. आतली वाफ ठरलेल्या दाबापलीकडे गेली की ती झाकण उचलते, शिट्टी मारून बाहेर पडते आणि आजूबाजूच्यांचे जीव वाचतात. यालाच सुरक्षा व्हॉल्व्ह म्हणतात. त्या दांडीला लाल कापडात बांधलेल्या नवसाच्या नारळांचे घोसच्या घोस लोंबत होते. शेजारच्या दुसऱ्या व्हॉल्व्हवर देवीचा पितळी मुखवटा करकचून आवळून बसवला होता.

आणि त्याखाली, बॉयलरच्या अंगावर, वेल्डिंगचं एक ओबडधोबड ठिगळ. ठिगळाच्या कडेने पांढरी भुकटी धरली होती. बाबा चमच्याने ती खरवडून पुड्या बांधत होता.

बॉयलर चालवणारा किशोर जाळापाशी उभा होता. प्रियदर्शनीने नजरेनेच विचारलं. त्याचं तोंड आधीच उतरलेलं होतं.

“हे ठिगळ कोणी मारलं?” तिने जवळ जाऊन हळू विचारलं.

“बाबानंच,” तो पुटपुटला. “तवा थे बाबा नव्हते, मॅडम. मालकानं त्यायले वेल्डिंग मशीनसगट बाजारातून बलावलं होतं. चीर पडली होती. मी म्हटलं होतं, बंद करू. मालक म्हणे हंगाम हाय.”

“आत दाब किती आहे?”

“मले मालूम नाई. काटा त्यायच्या हातात हाय.”

तिने बाहेर येऊन पोलिसांना फोन लावला. गाडी पाठवतो, पण आज सगळे बंदोबस्तात आहेत, वेळ लागेल, असं उत्तर आलं. वेळच नव्हता. ‘फुटेल, पळा!’ असं ओरडावं, तर त्या अरुंद फाटकात म्हाताऱ्या-कोताऱ्या चिरडून मेल्या असत्या. हुकूम सोडावा, तर मायच्या अंगावर आलेली सरकारी बाई म्हणून लोकांनी तिलाच बाहेर काढलं असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने एक फुटलेला बॉयलर पाहिला होता. त्याचं लोखंड दोन वावरं ओलांडून पडलं होतं. तिथल्या भिंतींवर तिने जे पाहिलं, त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नव्हती.

ती तशीच उभी राहिली आणि शालीखालच्या त्या कोपराचा विचार करू लागली. ज्याला ती चावी माहीत आहे, त्याला बाकीचंही माहीत असणार.

ती सरळ आत गेली आणि बाबाच्या हातातून माईक घेतला.

“माय-बापहो! मी सरकारातून आली. आज मायची महाआरती करू!”

“जय!” लोक खूश झाले. खुशालरावांचा जीव भांड्यात पडला.

“पण इथं गर्दीनं मायचा जीव घाबरून राह्यला. आपण सगळे नाल्याच्या पल्याडच्या मोकळ्या वावरात जाऊ, धुऱ्याच्या उंच बांधामांगं. तिथून आरती म्हणू. अन् इथं मायजवळ एकटे बाबा बसतीन. ठिगळाखालच्या भिंतीले पाठ टेकून! माय शांत हाय ना, बाबा?”

बाबाचा हात विभूतीच्या पुडीवरच थांबला.

“शांत तर हाय,” तो म्हणाला. “पण मी एकटा... म्हंजे भक्तांपासून दूर...”

“तुमच्यापेक्षा मोठा भक्त कोण हाय?”

“बाबा बसतीन! बाबा बसतीन!” गर्दीनेच उत्तर दिलं. वाजतगाजत माणसं फाटकाबाहेर निघाली. महाआरतीला धक्काबुक्की करत नाहीत, म्हणून आपसूकच रांग झाली. फक्त मनकर्णाबाई हलेना.

“मी कुठी बी जात नाई. माहे गुडघे इथंच बरे हायेत.”

“आजी,” प्रियदर्शनी तिच्यापाशी टेकली, “एवढे लोक जमले, पण आरतीले आवाज कोणाचा लावायचा? मी फाटकापासून इचारून राह्यली. सगळे तुमचंच नाव घेऊन राह्यले.”

हे अगदीच खोटं होतं. मनकर्णाबाईने पदर सावरला. “होय ना. बाकीच्या त नुसत्या रेकतात.” आणि ती चक्क तुरुतुरु चालत बाहेर पडली.

गर्दी नाल्यापार पोचली. डीजे थांबला. बॉयलरघराचं दार सताड उघडं होतं आणि आत शालीतला बाबा सगळ्यांना लांबूनही स्पष्ट दिसत होता. किशोरने मागच्या बाजूने जळत्या काड्या बाहेर ओढायला सुरुवात केली होती. प्रियदर्शनी त्याच्याबरोबर निखारे खेचत होती, ओढणी कमरेला गुंडाळून.

पलीकडे मनकर्णाबाईने सूर लावला. पहिलं कडवं झालं. बाबाने बॉयलरकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पाठ भिंतीपासून वीतभर पुढे घेतली. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. दुसऱ्या कडव्याला आत, तापलेल्या लोखंडात, कुठेतरी ‘टण्’ असा आवाज झाला. लोखंड तापताना-निवताना असा आवाज होतोच. पण बाबा ताडकन उठला. शाल एकीकडे, खडावा दुसरीकडे, आणि महाराज धोतर मांडीपर्यंत खोचून सुसाट सुटले!

“बाबाच्या अंगात आलं!” कोणीतरी किंचाळलं. “माय संचारली!”

लोकांचा उत्साह असा काही वाढला की आरतीची लय दुप्पट झाली. बाबाने नाला एका उडीत पार केला आणि गर्दीतून वाट काढत तो भातकुलीच्या दिशेने निघाला होता, तेवढ्यात मनकर्णाबाईने त्याचं धोतर पकडलं.

“बाबा! मायले एकटी टाकून कुठी चाल्ले?”

“सोड वं म्हातारे! कायची माय! दोन्ही व्हॉल्व्ह दाबेल हायेत तिचे! जठारपेठेतल्या दुकानात कुकर दुरुस्त करे मी. मले मालूम नाई का, शिट्टी दाबली त कसा फुटते थे!”

मागच्या लोकांपर्यंत हे पोचायला थोडा वेळ लागला, त्यामुळे पुढे सामसूम आणि मागे आरती असं काही क्षण चाललं. मग मागचीही थांबली.

जाळ विझल्यावर प्रियदर्शनीने घड्याळाची ती चावी उलटी फिरवली. शून्यावर निजलेला काटा टुणकन उठला आणि धोक्याच्या लाल रेघेच्या पलीकडे जाऊन थरथरत उभा राहिला. किशोर वाफेच्या नळाकडे धावला. मग दोघांनी मिळून वाफेचा नळ कणाकणाने उघडला. छपरावरच्या नळीतून वाफ निघाली ती अशी गर्जत की नाल्यापलीकडच्या लोकांनी कान झाकले. बराच वेळ ती गर्जना चालली होती. चूप बसलेल्या मायच्या पोटात एवढा श्वास कोंडला होता, हे तोपर्यंत सगळ्यांनी कानांनी ऐकलं.

गर्जना थांबली तेव्हा लोक परत आले. कोणी हसत होतं, कोणी चिडलं होतं, आणि पुष्कळांना अजून पटलं नव्हतं.

“बाबा लबाड निंगला, मान्य,” एक जण म्हणाला. “पण विभूती? थे त लोखंडातून येते. आमी डोळ्यानं पाह्यली.”

प्रियदर्शनीने भजेवाल्याची रिकामी कढई मागून घेतली. बॉयलरला ज्या बोअरचं पाणी जात होतं, त्याच बोअरचं पाणी तिने कढईत थोडंसं ओतलं आणि भट्टीवर ठेवलं. लोकांनी माना पुढे काढल्या. पाणी उकळलं, आटलं, संपलं. कढईच्या तळाला पांढरी भुकटी उरली.

“घ्या,” ती म्हणाली. “विभूती.”

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच पाण्याने त्यांच्या घरच्या घागरींना, माठांना, नळाच्या तोट्यांना पांढरे थर चढत होते. एका बाईने बोटाने भुकटी चाखली आणि तोंड वाकडं केलं.

“माय वं! थेच खारट! हे त मी घरी चिंच लावून लावून घासून काढतो, अन् इथं रांगेत उभी राहून कपायाले लावून राह्यली!”

हशा असा उसळला की भजेवाल्याच्या हातातला झारा पडला.

“ठिगळ कच्चं आहे,” प्रियदर्शनी म्हणाली. “त्यातून पाणी झिरपतं. बाहेर येताच त्याची वाफ होते आणि खार मागे उरतो. जिथे तुम्ही हात जोडत होता, ती फुटायची जागा होती. दांडीला बांधलेला प्रत्येक नारळ झाकणावरचं वजन वाढवत होता. माय रागावली म्हणून शिट्टी वाजत नव्हती. ‘दाब जास्त झालाय’ असं ती ओरडून सांगत होती. तुम्ही तिचं तोंड बांधलंत.”

“अन् माहे गुडघे?” मनकर्णाबाईने कमरेवर हात ठेवून विचारलं. “थे बी खोटे का?”

“गुडघे खरे, आजी. रोज दिवसभर गरम भिंतीचा शेक मिळाला. गरम पाण्याच्या पिशवीनंही मिळाला असता.”

“शेक!” म्हातारी थक्क झाली. मग तिची नजर सावकाश फिरली आणि गर्दीच्या मागे सरकणाऱ्या मुलावर जाऊन थांबली. “खुशाल्या. इकडी ये.”

खुशालराव आले. पन्नाशीचा माणूस, शाळेतल्या पोट्ट्यासारखा.

“तुले मालूम होतं, थे ठिगळ कच्चं हाय?”

“माय, हंगाम होता... नियमानं गेलो असतो त बॉयलर बंद ठेवा लागला असता. मंग लोक यायले लागले, विभूती म्हणायले लागले...”

“मी तिथं पाठ टेकून बसत होती,” मनकर्णाबाई म्हणाली. तिचा आवाज आता अजिबात चढलेला नव्हता. “रोज. तू येता-जाता मले पाहे. लोखंडाले माय म्हणून राह्यला होता, अन् आपल्या मायले त्याच्याजवळ बसू देऊन राह्यला होता.”

खुशालराव खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. प्रियदर्शनीने बॉयलरला सील लावलं. पोलिसांची गाडी पोचली तेव्हा मोतीराम भज्यांच्या गाड्यामागे बसलेला होता. त्याला धरून ठेवायचं काम एसटीच्या ड्रायव्हरने अंगावर घेतलं होतं आणि ते तो फार मनापासून करत होता.

पुढे खटला झाला, गिरणी बंद राहिली, आणि खुशालरावांना नियमाची वाट धरावी लागली. आधी दुरुस्तीचा आराखडा मंजूर करून घेतला. दुरुस्तीचा परवाना असलेली माणसं आली, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या वेल्डरने सडका भाग कापून नवा पत्रा जोडला. त्या सांध्याचा, माणसाच्या हाडाचा काढतात तसा, एक्स-रे काढला. बोअरच्या पाण्यातला खार काढायचं यंत्र बसलं. मुखवटा उतरला, दोन्ही व्हॉल्व्ह नव्याने जुळवून त्यांना सील लागलं. शेंदूर खरवडल्यावर त्याखाली बॉयलरचा ठोकलेला नोंदणी क्रमांक पुन्हा दिसू लागला.

शेवटच्या चाचणीला प्रियदर्शनीने मुद्दाम गावाला बोलावलं. बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरला होता, हवेचा बुडबुडाही आत ठेवला नव्हता. “वाफ दाबली की ती उसळते, घर उडवते,” तिने सांगितलं. “पाणी दाबलं आणि कुठे चूक असली, तर नुसती चिळकांडी उडते. म्हणून परीक्षा पाण्याने घ्यायची. आणि नेहमीपेक्षा दीडपट दाब देऊन घ्यायची.”

किशोर हातपंप मारू लागला. काटा चढला. सगळ्यांसमोर, कुणाच्याही शालीशिवाय. नेहमीची रेघ ओलांडली, आणखी वर गेला आणि थांबला. लोक श्वास रोखून नव्या सांध्याकडे पाहत होते. पोट्टे एकमेकांच्या खांद्यांवर चढले. मनकर्णाबाई पुढे झाली. तिने प्रियदर्शनीला विचारलं, “हात लावू का, पोरी?”

“लावा. थंड पाणी आहे.”

म्हातारीने सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला आणि तो उलटा करून गर्दीला दाखवला. कोरडा ठाक. काही झिरपलं नाही, काही उडालं नाही, काहीच झालं नाही. आणि त्या काहीच न होण्यावर अख्ख्या गावाने अशा काही टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, की रस्त्यावरची एसटी पुन्हा थांबली.

“यंत्राला दसऱ्याला हार घाला, माझी ना नाही,” टाळ्या थांबल्यावर प्रियदर्शनी म्हणाली. “पण हार घालण्याआधी विचारा, याची तपासणी कधी झाली, दुरुस्ती कोणी केली. माणसालाही तेच विचारा. जो उत्तर देईल, करून दाखवेल, तुम्हाला हात लावून बघू देईल, त्याचं ऐका. जो शालीखाली हात ठेवून ‘डोळे मिटा’ म्हणेल, त्याच्यापासून लांब व्हा, आणि आपल्या म्हाताऱ्यांना, लेकरांना आधी लांब न्या. देवाला तुमच्या प्रश्नांचा राग येत नाही. राग येतो तो फसवणाऱ्याला.”

मनकर्णाबाईने तळहात पदराला पुसला आणि मुलाकडे वळली.

“खुशाल्या, आता पुढची तपासणी कवा हाय?”

“पुढच्या वर्षी, माय.”

“मी येईन पाह्यले,” ती म्हणाली. “आतून बी पाहीन.”